ढालवाली रूपालीला द्यावी

मी, चंदनबाला धनपाल मगदूम, वय ६८, राहणार तासगाव. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. चष्मा लावून माझ्या हातानं लिहिते आहे.

१. घर, द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड मुलगा पारस व सून रूपाली यांना निम्मं निम्मं. सातबाऱ्यावर रूपालीचं नाव लागलंच पाहिजे. बागेत ती राबते.

२. मोबाईलवरच्या खेळातली माझी ढालवालीही रूपालीला. रूपाली शेजारी बसून बघत खेळ शिकली आहे. टाळेबंदीत यजमानांनी हा खेळ घरात आणला. ते वैद्य झाले. खेळातच ओळख झालेले लोणंदचा शिवतेज आणि शिरवळची अंकिता मारणारे. मला खेळातही कुणाला मारवेना, म्हणून मी पुढं उभं राहून मार खायचं काम घेतलं. पारस हसायचा, "आई, राक्षसाचा मार खायाला बसलीस व्हय?"
"व्हय. मागची तिघं जगत्यात त्यानं."
माझ्यामागं ही टोळी मोडू नये, एवढीच मला काळजी आहे.

३. रूपालीनं माझी चूक करू नये. मी सुरुवातीला खेळात मिळवलेले सगळे गुण चिलखतात घातले. तलवारी अडल्या, पण विषाच्या पहिल्याच फवाऱ्यात आडवी झाले. बागेवरची जाळी गारा अडवते, डाऊनी रोग नाही, हे बागायतदारणीला कळायला हवं होतं. आधी जीव वाढवावा, मग चिलखत. विष आणि आग यांचा प्रतिकार समोरचा शत्रू बघून वाढवावा. वार चुकवण्यावर भिस्त नको, ते नशिबाचं काम. हल्ल्याला एकही गुण देऊ नये.

४. मी शत्रू अंगावर घ्यायच्या आत शिवतेज पुढं पळतो. मी त्याला माफ केलं. रूपालीनं करू नये.

५. यजमान जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा वैद्य त्यांनी ठेवला तसाच खेळातल्या गावाच्या वेशीत उभा आहे. येता-जाता मी त्याच्यापाशी जरा थांबते. पारस म्हणतो, त्यांचं खातं काढून वैद्य बंद कर. बंद करायचा नाही. तो मी पारसलाच देते. खेळाच्या कंपनीच्या नियमात बसत नसेल तर त्यानं नवा वैद्य घ्यावा. काम अवघड नाही. ढालवालीच्या मागं उभं राहायचं, तिच्या जिवावर डोळा ठेवायचा आणि ती पडायच्या आधी हात द्यायचा. पारस, तुझ्या वडिलांनी घरातही तेच केलं.

हे वाचून दाखवल्यावर पारसनं मोबाईल माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "आगं आई, आधी शिकीव तरी."
म्हणून कलम पाच माझ्या मरणाची वाट बघणार नाही. ते आजपासून लागू.

तासगाव, दि. ९ मार्च २०२५
सही: चंदनबाला धनपाल मगदूम

साक्षीदार:
१. अंकिता यादव, शिरवळ
२. शिवतेज ढमाळ, लोणंद (यानं माझ्याआधीच सही केली.)