सासर मानवलं

हट्टा,
१२ नोव्हेंबर २००१

ती. आईस,
कोमलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, मीच तेवढी फुगत चालले आहे. लग्नातले ब्लाउज उसवून उसवून आता त्यांना शिवणच उरली नाही. हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी वाढवाव्या लागल्या. सध्या माझं सगळंच वाढतंय.

तुझ्या गळ्याची शपथ आई, मी जास्त खात नाही. सकाळी एक भाकरी आणि अंबाडीची भाजी, रात्री अर्धी भाकरी नि ताक. रोज शेरडं घेऊन रानात जाते, विहिरीचं पाणी आणते. वर सारखी थंडी वाजते, भरदिवसा झोप येते आणि आवाज असा घोगरा झालाय की शेळ्या मला मामंजी समजतात.

सासूबाई मात्र खूश आहेत. थोरल्या जाऊबाई, अंजलीताई, परभणीला जाण्याआधी इथे फार बारीक झाल्या होत्या. तेव्हा गावाने म्हटलं, मंजुळाबाईनं सून वाळवली. म्हणून आता सासूबाई मला घरोघर मिरवतात. बायका माझे दंड चाचपून म्हणतात, सासर मानवलं गं!

ह्यांनी सुचवलं म्हणून पहाटे रस्त्याने पळायला लागले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या किशनरावांनी पाहिलं आणि आमच्या घरी जाऊन सांगितलं, तुमची सून माहेरी पळून चालली. सासूबाई गाडी जुंपून मागे आल्या. पळून वजन काही उतरलं नाही, अब्रू तेवढी उतरता उतरता राहिली.

बापूंना नमस्कार. तुमचा लोभ आहे तो वाढावा, वजन मात्र आहे तिथेच थांबावं.

तुझी,
कोमल


सिद्धेश्वर,
३ डिसेंबर २००१

चि. सौ. कोमल हीस आईचे पुष्कळ आशीर्वाद.

लोकांना हेवा वाटावा असं दुखणं आहे बाई तुझं! औंढ्याच्या बाजारात जमनाबाई भेटली, तुझं स्थळ आणणारी. भर बाजारात ओरडून म्हणाली, भागाबाई, पोरगी कशी टुणटुणीत झाली, सासर मानवलं! ते ऐकून तुझे बापू दिसेल त्याला सांगत सुटले. मेंढरं विकायला गेले होते, ते राहूनच गेलं.

आता खरं सांग, काही गोड बातमी आहे का? मी जुनी लुगडी दुपट्यांसाठी काढून ठेवली आहेत. बातमी नसेल तर बाजारची भजी बंद कर. खाल्ल्याशिवाय कुणाचं अंग वाढत नाही, मेंढराचंसुद्धा नाही. आणि ते पळणं सोड. सून पळताना दिसली की लोक व्यायाम म्हणत नाहीत, कशाला कंटाळून पळाली ते विचारतात.

दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा पाठवते आहे. जरा लांबच घेतला आहे. व्याह्यांना, विहीणबाईंना नमस्कार सांग, आणि माझा राग आला तरी पत्र टाकत जा.

तुझी आई


हट्टा,
५ जानेवारी २००२

ती. आईस नमस्कार.

दोरा पुरला. गोड बातमी नाही आणि भजीही नाहीत.

काल तव्यावर भाकरी टाकली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. भाकरीचा कोळसा झाला. परवा रानात तसंच झालं, शेरडं किशनरावांच्या हरभऱ्यात शिरली. ते म्हणाले, खाऊन खाऊन सुस्ती आली हिला. सासूबाई मायेने दोन भाकरी जास्तीच्या वाढतात. नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, म्हणून मी त्या पदराखाली लपवून चांदी शेळीला घालते.

आई, गाव म्हणालं त्याचं एवढं वाटलं नाही. तूही तेच म्हणालीस. मला औषध नको नि दोरा नको. कोमल खोटं बोलत नाही, एवढं कुणीतरी एकाने म्हणावं. फार एकटं वाटतं.

तरीही तुझीच,
कोमल


हट्टा,
२६ जानेवारी २००२

ती. भागाबाई यांस जावई हनुमानाचा शि. सा. न. वि. वि. पुढचं आई सांगते आहे तसंच लिहितो.

इहीणबाई, रामराम. घाबरू नका, पोरगी बरी हाय.

ताटात वाढलेल्या भाकरी हिच्या पदराखाली गायब होऊन राहिल्या व्हत्या. मला वाटलं, सून चोरून खाती. माझ्या घरात सुनंला चोरून खावं लागतं हे गावाला कळलं, तर माझी काय इज्जत राहील? म्हणून मी कडब्याच्या गंजीमागं दडून बसले. तर ही आली, पदराखालून भाकरी काढली अन् शेळीला चारली. मंग शेळीच्या गळ्यात पडून रडली. मी म्हणलं, काहून रडतीस गं? ती म्हणली, आत्याबाई, मी खात न्हाई, तरी फुगून राहिले. मला पटलं. खोटं न्हाई बोलत पोरगी. बराबर जेवून लठ्ठ झाली ती शेळी!

दुसऱ्या दिशी नांदेडला नेलं. डॉक्टरनं मान चाचपली, रगत तपासलं. म्हणला, गळ्यात थायरॉईडची गाठ असती, ती आळशी झाली हाय. त्यानं अंग सुजतं, झोप येती, आवाज बसतो. मी म्हणलं, आळशी कोन? माझी सून न्हाई! मंग त्यानं समजावलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी दिली. उपाशीपोटी म्हणल्यावर मी पुन्हा भांडले. अर्ध्या तासानं खाऊ घाला म्हणला, तवा कुठं मी उठले.

आता अंग हळूहळू उतरंल म्हणतो. म्हंजी गाव पुन्हा बोलणार, मंजुळाबाईनं दुसरी बी वाळवली. हनुमान म्हणतो, आई, आपण लोकायला गोळी दाखवू. कोणाकोणाला दाखवतोस बाबा? बोलू द्या त्यांला. किती तकलीफ काढली लेकरानं, अन् मी तिला मिरवीत फिरले. मला आता ती बरी झालेली पाहिजे, बाकी काही नको.

शिवरातीला आमी औंढ्याला येऊन राहिलो. तुमी बी या. तिला पाहून तुमाला वाटंल, वाळली वो माझी लेक. वाटलं तर मनात म्हणा. जमनाबाईसमोर म्हणू नका, अन् माझ्यासमोर तर बिलकुल म्हणू नका. मला रडू येईल.

आमची माया तुमच्या लेकीवर हाय, तुमची आमच्यावर राहू द्या.

मंजुळाबाई

ता. क. : रडू येईल हे लिहू नको असं आई म्हणाली होती. मी लिहिलं. – हनुमान