रिकामं वाडगं परत करायचं नसतं

२० ऑक्टोबर १९५७, रविवार
आज निश्चय केला. लग्न करायचं. नलूशी.
दुपारी तिनं कालवांचं कालवण आणून दिलं, पितळी वाडगं भरून. आयेनं धाडलंय, म्हणाली. आई म्हणजे कोळीवाड्यातल्या आवडाबाई. विधवा, मुलगी एवढी एकच. एकट्या पुरुषाकडे उगाच कोणी कालवण धाडत नाही. (शेजारच्या मास्तरांकडेही गेलं होतं म्हणे. पण मास्तर आजारी आहेत. त्यांची गोष्ट वेगळी.)
वाडगं घासूनपुसून फळीवर ठेवलं. रिकामं परत करायचं नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. लोक त्यात साखर घालतात, नाहीतर दोन केळी. मी तसलं काही करणार नाही. स्वतः धरलेला मासा घालूनच वाडगं परत जाईल.

२१ ऑक्टोबर
मासाच का, हे लिहून ठेवतो. मी जातीचा कोळी, पण नोकरी लाँचच्या धक्क्यावर तिकीट-क्लार्कची. होडीत बसलो की मला उलटी होते. हे पित्त आहे, दुसरं काही नाही. तरी लोक हसतात. आवडाबाईंच्या कानावर गेलंच असणार. जावई मासा धरणारा हवा, असं कुठल्याही कोळणीला वाटणार.
उपाय सापडला. कातळावरून गळ टाकायचा. कातळ हलत नाही.
वयाचं म्हणाल तर मला छत्तिसावं, तिला विसावं. फरक फार नाही. आमच्या आईवडिलांत याहून जास्त होता.

२३ ऑक्टोबर
म्हसळ्याहून गळ, शिसं आणि नायलॉनची दोरी आणली. बांबू घरचाच. हरेश्वराच्या डोंगराला वळसा घालून कातळाच्या टोकावर जाऊन बसलो. जागा उत्तम. लाटा फार.
पहिल्याच फेकीत काहीतरी प्रचंड लागलं. जोर करून ओढलं. कातळ होता. गळ गेला. तो शोधायला वाकलो तेवढ्यात लाट आली आणि उजवी चप्पल गेली. डावी मी स्वतःच टाकून दिली. एक ठेवून काय करू?
प्रदक्षिणेला आलेल्या एका म्हातारीनं मला बघून नमस्कार केला. अनुष्ठान वाटलं असावं. बसण्याची ढब चांगली असली की असं होतं.

२७ ऑक्टोबर, सकाळ
नलू आली! मी बसलो होतो त्याच कातळावर. हातात कोयती आणि टोपली. कालवं फोडायचा बहाणा.
म्हणाली, पाय सरकवा जरा, तितं कालवं हायत. सरकवला. थोड्या वेळानं म्हणाली, आता दुसरा. मग म्हणाली, उठताच का जरा? एवढा मोठा समुद्रकिनारा, पण हिला कालवं हवीत ती माझ्या बुडाखालचीच. न समजायला मी काही दूधखुळा नाही.
जाताना विचारलं, काय घावलं का? म्हटलं, मोठ्या माशाची वाट बघतोय. ती हसली. खूप वेळ हसत होती.

२ नोव्हेंबर
मासा लागला!
वर येताना बेताचा होता, वर आल्यावर फुगत गेला. मला आधी वाटलं, नशीब. तो केंड निघाला. विषारी. कुत्रंही खात नाही. परत सोडला. पण तंत्र बरोबर आहे हे सिद्ध झालं. उरला प्रश्न फक्त जातीचा.

५ नोव्हेंबर
आवडाबाई टोपली घेऊन लाँचला आल्या. म्हणाल्या, वाडगं मोकळं झालं आसल तर द्या की, घरात कालवणाला भांडं न्हाय. मी सूचक बोललो. म्हटलं, येईल, पण रिकामं येणार नाही. त्या म्हणाल्या, रिकामंच द्या वो, आमचं काय बी म्हननं न्हाय.
म्हणजे हुंडा-मानपान काही नको! केवढं मोठं मन. वाडगं अर्थातच दिलं नाही.

१० नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. शिंगाळ्याचा काटा लागला. मासा सुटला, काटा राहिला. उजवा हात सुरणासारखा सुजलाय. संध्याकाळी नलू हळदीचा लेप घेऊन आली, आयेनं दिलाय म्हणाली. स्वतः लावला नाही, खिडकीत ठेवून गेली. लाजते.
लेप करवंटीत आणला होता. घरात भांडं नाही हे खरं दिसतं.

१७ नोव्हेंबर
लाँचवरचा खलाशी गुणाजी सकाळी म्हणाला, हिरामणभाऊ, पुळणीवर जा, घोळीचा तुकडा विकत घ्या, वाडग्यात टाका नि सुटा एकदाचं. मी त्याला चांगलं सुनावलं. विकत घेतलेल्या माशाने कोणाचं घर बांधलंय? आणि कोळ्याच्या दारात विकतचा मासा घेऊन जायचं? तत्त्व म्हणून काही आहे की नाही!
दुपारी पुळणीवर गेलो होतो. सहज. घोळ संपली होती.

२४ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
मिळाला! मिळाला! गोबरा! हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत! दोरीनं हात कापला, गुडघा फुटला, पण सोडला नाही. कातळावर आडवा पडून मी त्याला मिठी मारली. बघायला कोणी नव्हतं. आयुष्यात असंच होतं.
वाडग्यात मावत नाही. डोकं एकीकडून, शेपूट दुसरीकडून. जेवढा आत बसतो तेवढा बसवलाय. कोट घातला. निघतो. आज बोलूनच टाकतो.

त्याच दिवशी, रात्री
आवडाबाईंच्या ओटीवर माणसंच माणसं. मुरूडकडची. मध्ये रावजी म्हणून एक तांडेल, रुंद छातीचा, स्वतःची होडी. सुपारी फुटली होती. नलूची आणि त्याची.
मी दारात वाडगं घेऊन. सगळे बघायला लागले. आवडाबाई धावत आल्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, पाव्हनं आयत्या वेळी वाढलं, मासं पुरंनात, देवानंच धाडलं तुमाला. मी म्हणालो, हो. 
गोबरा चुलीवर गेला. मला पंगतीत बसवलं, रावजीच्या शेजारी. त्याला मधला तुकडा, मला शेपटीकडचा. तो म्हणाला, असा गोबरा कातळावरून काढनं सोपं न्हाय. माणूस जाणकार आहे. मला तो आवडायला नको होता.
मासा चांगला झाला होता. माझा तुकडा पानातच राहिला. शेपटीकडे काटे फार.

२५ नोव्हेंबर
रजा. पित्त.

२८ नोव्हेंबर
विचार केला. सुपारी म्हणजे लग्न नव्हे. मोडतातही. घाईने काही ठरवायचं नाही.
दुपारी आवडाबाई धक्क्यावर आल्या, बरोबर नलू. बाकीची उतारू माणसं जाईपर्यंत थांबल्या. मला वाटलं, मोडली! तिकिटाच्या खिडकीमागून उठून बाहेर आलो.
आवडाबाई म्हणाल्या, मला पाठचा ना थोरला भाऊ न्हाय. पोरीला मामा न्हाय. अंतरपाटाशी तिच्या पाठीमागं कोन उभं र्‍हानार, म्हनून जीव तुटत व्हता. सुपारीच्या दिशी हातानं धरलेला मासा घेऊन जो दारात येतो, तो भाऊच. व्हय म्हना.
नलू वाकून पाया पडली. मामा, म्हणाली.
खूप वाईट वाटलं. एवढं वाईट मला आई गेली तेव्हा वाटलं होतं. लाँचचा भोंगा झाला, गुणाजी तिकिटांसाठी ओरडत होता, आणि त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या.
 फेटा कुठल्या रंगाचा, एवढंच विचारलं.