पांढऱ्या पट्टीची बारा कोपरं

६ जुलै, सोमवार

चिठ्ठ्या मी केल्या, घड्या मी घातल्या, उघडल्याही मीच, डब्यात हात मात्र चिमणीने घातला. चोवीस दुखरी कोपरं — बारांना पांढरी पट्टी, बारांना निळी. न्हाव्याला पांढरी निघाली. मला आनंद झाला. व्हायला नको होता, पण झाला!

साहेबांनी स्पष्टच सांगितलंय, दोन्हींतली एकच पट्टी आमच्या फिजिओथेरपी विभागात राहणार. निळी लवचिक. लावायला सोपी, दोन तासांत कुणालाही शिकवता येते. पांढरी ताठ, तिला हात लागतो. चार तुकड्यांची चौकट करायची, कोपराच्या दुखऱ्या हाडाभोवती. डाव्या हाताने कातडी हाडाकडे गोळा करायची आणि उजव्याने पट्टी खेचायची — इतकी, की मधली कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली पाहिजे. आमच्या मास्तरांनी शिकवली तशी एकोणीस वर्षं लावतेय. "तुमचा विश्वास असेल हो," साहेब म्हणाले, "आकडे आणा."

आणते आकडे.

अट एकच घातली. चोवीसच्या चोवीस जणांना पट्टी मीच लावणार, सहा आठवडे, दर सोमवारी आणि गुरुवारी. सगळ्यांना एकच हात. नाहीतर उद्या म्हणतील, हिचा हात हलका, तिचा जड, तुलना कसली करता? साहेबांना पटलं. मोजायचं काम चिमणीकडे. चिमणी म्हणजे आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी — वजन पंचेचाळीस किलो, आवाज त्याहून हलका. मी पट्टी लावली की वरून कापडी बाही चढवायची, म्हणजे आत कुठली आहे ते चिमणीला दिसत नाही. मग ती यंत्राची मूठ आवळायला लावते. दुखायला लागलं की थांबायचं. यंत्र किलोत आकडा दाखवतं.

न्हाव्याचा आज, पट्टी लावण्याआधी, अकरा. पन्नाशीचा धडधाकट माणूस आणि मूठ अकरा किलोला रडते.

९ जुलै, गुरुवार

न्हावी बोलका आहे. पट्टी लावेपर्यंत अर्ध्या गल्लीची खबर मिळते. "मॅडम, बॅट कधी हातात धरली नाही आणि म्हणे टेनिस एल्बो! कात्री एल्बो म्हणा ना." आधी त्याला वाटलं कात्रीच बिघडली. तीनदा धार लावून आणली. "नाचता येईना अंगण वाकडं! हात माझा गेलेला, नावं कात्रीला ठेवत होतो."

दुकान एकट्याचं. खुर्ची एकच, लोखंडी बुडाची, दुकान उघडलं त्या दिवशी फरशीत बोल्ट मारून बसवलेली. हाडांचे डॉक्टर त्याला इंजेक्शन देणार होते. मीच थांबवलं. म्हटलं, "सहा आठवडे द्या मला. कात्री धरता आली नाही तर मला बोला."

एवढं बोलायची काही गरज नव्हती.

१३ जुलै

न्हावी चौदा.

१६ जुलै

सतरा! चहाचा कप उजव्या हाताने उचलला म्हणून चिमणीला दाखवत होता. निळ्यांचं हळूहळू चाललंय — अकरा, बारा. पांढरी पुढे आहे. तोंडावर काही दाखवलं नाही, पण मनात मास्तरांना नमस्कार घातला.

२० जुलै, सोमवार

सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना उजव्या कोपरात सणक आली. पातेलं ओट्यावर आदळलं, अर्धं दूध खाली. नवरा म्हणाला, "पेशंटांची दुखणी आता घरी आणायला लागलीस का?" पुसता पुसता दोघंही हसलो.

न्हावी एकोणीस!! दिवसाला आठ डोकी करतो म्हणाला. पांढरे सगळेच वर आहेत. आज खूश आहे मी, उगाच का नाकारू.

२३ जुलै

न्हावी सोळा. म्हणाला, दोन दिवस गर्दी होती. असेल.

पांढरी पट्टी बोटांनी टरकन फाडायची असते. आज दोनदा फाडली आणि कोपरापासून मनगटापर्यंत कळ गेली. मग कात्रीने कापली.

२७ जुलै, सोमवार

चौदा. आणि एकटा न्हावी नाही — पांढरे सगळेच उतरलेत! शिवणकाम करणारी उतरली, नळवाला उतरला, बँकेतली ती अबोल बाई तर सोळावरून अकरावर आली. निळ्यांना काहीच झालेलं नाही.

रोल जुना असणार. डिंक सुकला असणार. नवं खोकं फोडलं.

माझं कोपर ठणकतंय. कुणाला सांगितलेलं नाही. चिमणीला सांगितलं तर ते साहेबांच्या कानावर जाणार. साहेब म्हणणार, पट्टी दुसरं कुणी लावेल. म्हणजे एकाच हाताची अट मोडली, अभ्यास संपला, आणि निळी जिंकली न लढता. तीन आठवडे काढायचेत. दात-ओठ आवळून काढीन. नवरा मात्र ओळखून आहे. "दिव्याखाली अंधार," म्हणाला, आणि कणीक मळायला स्वतः बसला. दगडासारखी मळली. मुकाट्याने खाल्ल्या पोळ्या.

३० जुलै

नव्या खोक्यानेही फरक नाही. दुसऱ्या कंपनीचे रोल मागवले, तातडीने. भांडारवाला म्हणाला, "मॅडम, पट्टीच आहे ना, की सोनं?"

३ ऑगस्ट, सोमवार

नव्या कंपनीची पट्टी. न्हावी अकरा. जिथून निघालो तिथेच परत. चार आठवडे माणूस गोल फिरला!

आज गल्लीची एक खबर नाही. मागची पट्टी काढताना हळूच म्हणाला, "मॅडम, ती निळी लावून बघायची का?"

मी म्हटलं, चिठ्ठीत पांढरी निघालीय. मधेच बदललं तर सगळा अभ्यास वाया जाईल.

"अभ्यास वाया जाईल तुमचा," तो म्हणाला, "माझं दुकान जाईल."

रागावून नाही म्हणाला. गिऱ्हाइकाला आरसा दाखवतात तसं शांतपणे म्हणाला. मी तरी पांढरीच लावली. चार तुकडे, चौकट, सगळं नीट जागच्या जागी. एका तुकड्याची जागा इकडची तिकडे नाही. मग चुकतंय कुठे? काय चुकतंय?

तिसऱ्यांदा रोल बदलायला सांगितले.

६ ऑगस्ट

वेणी घालता आली नाही. केस नुसते गुंडाळून गेले.

१० ऑगस्ट, सोमवार

परवा न्हाव्याच्या हातून वस्तरा निसटला. गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली. वीस वर्षांपासून येणारा माणूस, टाके पडले तरी तक्रार केली नाही. उलट यालाच म्हणाला, "असू दे, होतं असं." हे सांगताना न्हाव्याचे डोळे भरले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाला.

आज नऊ.

मी इंजेक्शन थांबवलं. मी निळी नाकारली. सहा आठवडे द्या म्हणाले, ते त्याने दिले, आणि मी त्याला कानाची पाळी दिली. हे लिहिताना पेन डाव्या हातात आहे, अक्षर पोराच्यासारखं आलंय. असू दे. कोण वाचणार आहे.

१३ ऑगस्ट, गुरुवार

शेवटचं मोजमाप. न्हावी आठ. आला तेव्हाच्यापेक्षा तीन कमी.

मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला जाणार आहे. खुर्चीला गिऱ्हाईक शोधतोय. जाताना म्हणाला, "तुमचा काही दोष नाही मॅडम. तुम्ही जीव तोडून केलंत, मी बघत होतो ना." आणि वाकून नमस्कार केला. मला! मी फाईल चाळत बसले, मान वर करवेना.

मग औषधांच्या खोलीत जाऊन रडले. कारण फक्त न्हावी नाही. एकोणीस वर्षांतली सगळी कोपरं आठवली. बरं वाटतंय म्हणून हात हातात घेऊन सांगणारी ती माणसं — खरंच बरी झाली होती, की माझं मन राखत होती? कुणी वेळेने बरं झालं असेल, कुणी विश्रांतीने, आणि श्रेय मी पट्टीला देत राहिले. मास्तर चुकले, त्यांच्या मागून मी चुकले. आता मागे वळून एवढ्या लोकांची माफी कशी मागायची? उद्या टेबलाशी उभं राहून पुढच्याला काय सांगू? मला काही येत नाही असं वाटतंय. खोटं कशाला लिहू — नोकरी सोडावीशी वाटतेय.

१७ ऑगस्ट, सोमवार

अहवाल दिला. शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा तेच लिहिलं: पांढऱ्या पट्टीचा उपयोग दिसून आला नाही, ती विभागातून काढावी.

साहेबांनी टोमणा मारला नाही. चहा मागवला. "स्वतःच्या विरुद्ध लिहायला छाती लागते," म्हणाले. कप मी डाव्या हाताने उचलला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

अहवाल आजच वरच्या कार्यालयात पाठवणार आहेत. सगळीकडे लागू करतील, आमच्याकडेच नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार

दुपारी चिमणी पांढरे रोल खोक्यात भरत होती. मी हात धुवायला गेले आणि नळ फिरेना. मूठच वळेना. डाव्या हाताने फिरवला, तर मागे ही उभी.

"किती दिवस दुखतंय?"

म्हटलं, काही नाही गं, झोपेत हात अवघडला असेल. ऐकेना. स्टुलावर बसवलं, यंत्र हातात दिलं. सहा किलो! न्हाव्यापेक्षा कमी. तिचा चेहरा उतरला. "पट्टी लावते," म्हणाली. मी म्हटलं, निळी संपली असेल तर राहू दे. तिने खोक्यातून पांढराच रोल काढला. "मला हीच येते. तुम्हीच शिकवलीत."

टरकन फाडली. डाव्या हाताने कातडी गोळा केली आणि उजव्याने अशी खेचली, अशी खेचली — एवढ्याशा त्या पोरीने! — की मी ओरडले. "घट्ट लागली?" म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, ओढली नाही तर ती पट्टी नुसती शोभेची?" चारही तुकडे तसेच. मग पुन्हा मूठ आवळायला लावली.

सतरा.

ती टाळ्या वाजवत होती. मी कोपराकडे पाहत होते. चौकटीच्या मधली कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. पेशंटच्या हातावर अशी साल मी शेवटची कधी पाहिली, ते आठवेना.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

ही वही मागे उलटली. दुधाचं पातेलं वीस जुलैला पडलं. मग आकड्यांचा तक्ता काढला. वीस जुलैपर्यंत पांढरे बाराच्या बारा वर. तेवीसपासून बाराच्या बारा खाली. निळीला तेवढं ओढावंच लागत नाही.

पट्टी चांगली होती. ती खेचायला माझ्या हातात जोर उरला नव्हता, आणि मी तीनदा रोल बदलले.

साहेबांकडे निघाले आहे, अहवाल परत मागवायला. त्याआधी न्हाव्याच्या दुकानाशी जाऊन आले. खुर्ची कालच उचलून नेली. फरशीत बोल्टांची चार भोकं आहेत.