सर्व्हरशेजारचा घट

३० सप्टेंबर, सोमवार. सायं. ६.२०

आज जे झालं ते असं.

१. सकाळी ११.०५ ला ईट गावातल्या आमच्या शेळीपालक संस्थेत सर्व्हर आला.
२. टेंपोतून उतरवताना चेअरमन धनाजीनाना त्याला फ्रीज म्हणाले. मी दुरुस्ती केली.
३. सर्व्हरला दोन डिस्क आहेत. एकीवर मी ‘१’ आणि दुसरीवर ‘२’ असं लेबल लावलं.
४. डिस्क २ जुन्या कॉम्प्युटरला जोडून वंशावळीची सगळी नोंद तिच्यावर उतरवली. शेळ्या १,१४८. कुणाची आई कोण, आजी कोण, बाप कुठला बोकड.
५. मग जुना कॉम्प्युटर पुसून कोरा केला. एकाच माहितीच्या दोन प्रती ठेवणं मला बेशिस्त वाटतं.
६. कागदी वह्या दोन वर्षांपूर्वी वाळवीने खाल्ल्या. त्यामुळे तीही बेशिस्त उरलेली नाही.

१७ ऑक्टोबरला, गुरुवारी, जिल्ह्याहून पाहणी पथक येणार. नोंद सर्व्हरवर दिसली तर संस्थेला पैदास केंद्राची मान्यता, आणि माझी सहा महिन्यांची नेमणूक कायम. नाना म्हणाले, “म्याडम, सर्व्हर चालू तर तुमी कायम. न्हाय तर मग बघू.” ‘बघू’चा अर्थ मला कळतो.

ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला मला ५५ मिनिटं लागतील. हातात सतरा दिवस आहेत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पूर्वतयारी. पेंड ठेवायची खोली रिकामी करून दोनदा धुऊन घेतली. एसी २२ वर. यूपीएस जोडला. पेनड्राइव्ह तयार. दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली: ‘सर्व्हर बूट होत आहे. आत येऊ नये.’

दुपारी ३.१० ला दाराबाहेर चपलांचे अकरा जोड. आत अकरा माणसं, अनवाणी, एसीखाली.

सभासद कोंडीरामतात्यांनी सूचना मोठ्याने वाचून सगळ्यांना समजावली होती. बूट आत न्यायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यांच्याबरोबर त्यांची शेळीही होती. ती का, असं मी विचारलं. तात्या म्हणाले, “तिला कुठं बूट हाय?”

मी चिडले नाही. नोंद केली. ५५ मिनिटांचं काम उद्यावर.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. तरी आले. पेनड्राइव्ह सर्व्हरला दिसेना. एक तास चाळीस मिनिटं सेटिंग तपासली. पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता.

सेटिंग मात्र आता कायमची तपासून झाली. वेळ वाया गेला असं म्हणता येणार नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार. स. ९.५०

सर्व्हरच्या टेबलावर घट बसला आहे.

ऑफिस झाडणाऱ्या, किल्ली सांभाळणाऱ्या द्वारकामावशी दरवर्षी संस्थेचा घट बसवतात. एरवी व्हरांड्यात. यंदा सर्व्हरच्या खोलीत. पत्रावळीवर काळी माती, तीत ज्वारी-गहू, वर पाण्याचा घट, शेजारी अखंड दिवा. मावशींचं म्हणणं, “म्याडम, तुमीच खोली दोन डाव धुतली, चपला बी बाहेर काढायला लावल्या. एवढी सोवळी जागा गावात दुसरी हाय का?”

म्हणजे माझीच सूचना दुसऱ्यांदा चुकीची वाचली गेली. ती स्पष्ट होती.

घट हलवा, असं मी सांगितलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तेच वाक्य नानांना जाऊन सांगितलं. नाना म्हणाले, “बसलेला घट दसऱ्यापातूर हलत नसतोय. तुमचं मशीन हलवा की.”

मशीन हलवणार नाही. त्याची जागा मी मोजून ठरवली आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशींनी मशीन फिरवलं. मागच्या पंख्याचा ऊन वारा दिव्यावर येत होता म्हणून. आता तो मातीवर येतो. एसीही बंद केला आहे. दिवा विझला तर जबाबदारी कुणाची, असं त्यांनी विचारलं. याची तरतूद माझ्या आराखड्यात नव्हती.

आराखडा क्र. २ केला. त्यानुसार मी वेळेत आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

मावशी रोज सकाळी मातीवर पाणी शिंपडतात. सर्व्हरच्या संरक्षणासाठी मी त्यावर जाड प्लास्टिक घट्ट गुंडाळलं.

काम सुरू केलं. पेनड्राइव्हची तपासणी ७१ टक्के झाली आणि सर्व्हर तापून बंद पडला. कारण: एसी नाही. प्लास्टिकचा संबंध नाही.

प्लास्टिक काढलं. दिसायला बरं नव्हतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस मशीन थंड होऊ दिलं. त्याला तेवढा वेळ लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

ज्वारीला कोंब फुटून बोटभर वर आले आहेत. मावशींच्या घरच्या घटाचं धान्य अजून मातीतच आहे, असं त्या स्वतःच सांगत होत्या. गावातल्या बायका बघायला येतात. एकीने विचारलं, “कुठलं खत घातलं?” मावशींनी सर्व्हरकडे बोट दाखवलं.

आराखडा क्र. ३. मुदत अजून नऊ दिवस. काम ५५ मिनिटांचंच आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी. दु. १२.४०

झालं.

ठीक १०.३० ला सुरुवात. नाना नारळ हातात घेऊन दारात उभे, कारण आज संस्थेतल्या सगळ्या अवजारांची पूजा: कात्री, वजनकाटा, शेळ्यांच्या कानात बिल्ले मारायचा पंच आणि सर्व्हर. पूजा झाली की दसरा होईपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. नाना तीनदा म्हणाले, “आटपा म्याडम, नारळ घामेजलाय.”

मी दबावाखाली काम करत नाही. दबाव होता, मी त्याखाली नव्हते.

इन्स्टॉलरने विचारलं, सिस्टिम कुठल्या डिस्कवर टाकू. यादीत दोन नावं: डिस्क 0, डिस्क 1. मी लेबलप्रमाणे 1 निवडली. वेळ: दोन सेकंद. त्यानंतर त्याने सांगितलं की या डिस्कवर आधीची माहिती आहे, ती पुसली जाईल, चालेल का. असे इशारे नवख्या माणसांसाठी असतात. चालेल म्हटलं.

एकूण ५३ मिनिटं. अंदाजापेक्षा दोन कमी. सर्व्हर सुरू, मग पूजेसाठी बंद. मावशींनी त्याला पाच बोटं हळदीकुंकू लावलं. पॉवरच्या बटणावरही. मी आक्षेप घेतला नाही. यशस्वी माणसाने मोठ्या मनाचं असावं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

घट उठला. कोंब मी मोजपट्टीने मोजले: २३ सेंटिमीटर. नानांच्या टोपीत, तात्यांच्या फेट्यात आमच्या सर्व्हरचे कोंब. मलाही दोन दिले. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवले.

नाना चारचौघांत म्हणाले, “म्याडम कायम झाल्याच समजा.” मी हसले नाही. पण नोंद करते.

१३ ऑक्टोबर, रविवार. स. ११.१५

वंशावळ बघायला सर्व्हर उघडला.

डिस्क २ वर ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम बसली आहे.
डिस्क १ कोरी आहे. ती पहिल्यापासूनच कोरी होती.

मशीन शून्यापासून मोजतं, त्याची डिस्क 1 म्हणजे माझी ‘२’, हे मला माहीत आहे. शुक्रवारी मी एकपासून मोजत होते, एवढाच फरक. नारळाचा भाग किती आणि माझा किती, हे नंतर ठरवता येईल.

दु. ४.००. माहिती परत मिळवायचा प्रोग्राम साडेचार तास चालवला. एक फाइल सापडली. ती नोंदीबरोबरच जुन्या कॉम्प्युटरवरून उतरलेली माझी सूचना होती: ‘सर्व्हर बूट होत आहे. आत येऊ नये.’

१४ ऑक्टोबर, सोमवार

नानांना सांगितलं. मी वाक्य तयार करून गेले होते. ते पूर्ण होण्याआधी त्यांनी विचारलं, “म्हंजी सर्व्हर चालू हाय का न्हाय?” चालू आहे, म्हटलं. “मग आत काय हाय?” आत सर्व्हर आहे, म्हटलं. नानांनी टोपीतले कोंब काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “बघू.”

द्वारकामावशींनी हे झाडताना ऐकलं. झाडू टेकवून म्हणाल्या, “त्यात काय रडायचं? मला इचारा की.” मी रडत नव्हते. त्यांनी खाली बसून सुरुवात केली: तात्यांची बिनशिंगांची मुंडी शेळी ही त्यांच्याच थोरल्या काळीची लेक, तिची पाठ, म्हणजे तरणी लेक, जवळच्या वाशीच्या बाजारातनं परत आणलेली, बाप सरपंचाचा तो लंगडा बोकड. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ६३ शेळ्या झाल्या. मी लिहून घेतल्या. वहीत. वही सर्व्हरवर ठेवून, कारण टेबलावर माती आहे.

अडचण एकच. आमच्या भागातली जवळपास प्रत्येक शेळी काळी. त्यामुळे ६३ पैकी ४१ जणींच्या आईचं नाव ‘काळी’ आहे. पुढे मावशींनाही काळ्या वेगळ्या करता येईनात. ते लोकांनाच विचारा, म्हणाल्या.

जुनी सूचना काढली. तिच्या जागी ही लावली. लावताना वहीची एक प्रत झेरॉक्स करून घेतली. दोन प्रती असणं इतकंही बेशिस्त नाही.

‘सर्व सभासदांस. सर्व्हर बसला आहे. बूट घालून आत आलात तरी चालेल. आपल्या प्रत्येक शेळीची आई कोण आणि आजी कोण, हे कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह संस्थेत येऊन सांगावं. ‘काळी’ एवढंच उत्तर पुरणार नाही. कृपया बुधवार, १६ ऑक्टोबर, सायंकाळी पाचपर्यंत कळवावं.’