इग्नेशियसचा महिना

६ ऑक्टोबर, सोमवार
आले एकदाची साताऱ्याहून सांडोरला! इथल्या गावकरी मंडळाला गावाची वेबसाइट हवीय आणि मला नोकरी. मंडळाच्या खोलीमागेच माझी खोली, खिडकीबाहेर केळीच केळी. सेक्रेटरी लुसीबाय फार मायाळू. तिची मुलगी ज्युली माझ्याच वयाची. आल्या आल्या तिनं सुकेळी दिली, इथली वाळवलेली गोड केळी; मी उभ्याउभ्या चार संपवली. काम सोपं आहे. पानावर ब्लॉक आहेत: बातम्या, गावकरी, वाढदिवस, पुण्यस्मरण. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, माउसनं धरायचं आणि हव्या त्या ब्लॉकमध्ये ओढायचं. भातुकलीच ही!

७ ऑक्टोबर
लुसीबायचा फोन: "चौदाला आमच्या इग्नेशियसचा महिना हाय, विसरू नको." नातू असणार. बघते तर त्याचं कार्ड पुण्यस्मरणात! आधीच्या माणसाची अक्कल चरायला गेली होती बहुतेक. तान्ह्या जिवाला काढून वाढदिवसात ठेवलं, वर लाल फुगे लावले.

९ ऑक्टोबर
अक्कल माझीच चरायला गेली होती. ज्युलीनं सांगितलं, महिना म्हणजे माणूस गेल्यावर तिसाव्या दिवशी चर्चमध्ये होणारी मिस्सा, त्याच्यासाठीची प्रार्थना. इग्नेशियस तिचा भाऊ, सप्टेंबरात तापानं गेला. लाजेनं मेले. माफी मागायला गेले, तर लुसीबाय म्हणाली फुगे राहू देत. इग्नेशियस आजच सकाळी वाडीत पाणी लावत होता म्हणे. कार्ड कसं ओढायचं तेही तिनं शिकून घेतलं. बिचारी, म्हटलं.
परतताना केळींत एक माणूस पाठमोरा उभा होता. पाटाचं पाणी वळवत होता. मी वळून पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर
पुण्यस्मरणात इग्नेशियसच्या रिकाम्या झालेल्या चौकटीत ज्युलीचं कार्ड! मी ठेवलेलं नाही. खाली नोंद: शेवटचा बदल – लुसी.
ज्युली दुपारपासून तापानं फणफणलीय. तिला गावकऱ्यांत परत नेलं, इग्नेशियसला पुण्यस्मरणात. तासाभरात तो पुन्हा वाढदिवसात, ती पुन्हा पुण्यस्मरणात.

११ ऑक्टोबर
ज्युली दवाखान्यात, शुद्ध नाही. लुसीबायला जाब विचारला. शांतपणे म्हणाली, चौकट रिकामी राहिली तर इग्नेशियसला परत जावं लागेल. आणि लेक काय, परक्याचं धन. मला तिची भीती वाटते. चूक माझी, आणि मरतेय ज्युली.

१२ ऑक्टोबर, दुपार
इग्नेशियसचं कार्ड आता हलतच नाही. ज्युलीचं हललं – गावकऱ्यांत नेलं. लगेच दवाखान्यातून फोन – ताप उतरला, पेज मागतेय. रडले.
चौकट रिकामी. पासवर्ड बदलायला गेले – पान उघडेना –

दाराला बाहेरून कडी. ओल्या पायांचा आवाज, पुरुषाचा.
चौकटीत नवं कार्ड. माझा फोटो. नावाची अक्षरं एकेक उमटतायत – सु – रु –
थांबलं.
दाराबाहेरून लुसीबाय मायेनं विचारतेय, सुरुचीतली ची पहिल्या वेलांटीची की दुस