कचरापेटीतले तीस दिवस

२४ ऑक्टो.
ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. सकाळपासून पाथर्डीच्या रस्त्याला ट्रॅक्टर. वर संसार, कोंबड्या, एका ट्रॉलीवर चक्क टीव्ही. मी बघत उभा. भाऊ आतून ओरडला, "तुला बी चढवू का वर?"
फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ भाऊचा, मी कामाला. मी इथं दीड वर्ष टिकलो, हे माझं रेकॉर्ड.
कॉम्प्युटर ठासून भरलाय. टोळीवाले मे महिन्यात लग्नं लावतात आणि अल्बम-व्हिडिओ नेतात पुढच्या उन्हाळ्यात, तोडीवरून परत आल्यावर. तोवर सगळं आम्ही सांभाळायचं. मशीन चालू होईपर्यंत चहा पिऊन होतो.
शेवटी भाऊनं क्लाउडवर जागा घेतली. आयडिया माझी. फायली वर चढवायच्या, खाली नुसती नावं ठेवायची, लागेल तेव्हा उतरवायच्या. चढवायला लावलं.

२९ ऑक्टो.
चढलं एकदाचं. एक्केचाळीस लग्नं, सगळ्यांना हिरवी टिक. पण खालची जागा मोकळी होईना. एकेका फोल्डरवर जाऊन करायचं म्हणे. एक्केचाळीस वेळा कोण करणार? वर गेलंय ना, मग खाली कशाला. सगळी एकदम धरली आणि डिलीट. इंग्रजीत काहीतरी विचारलं त्यानं. येस.
मशीन पळायला लागलं. भाऊ म्हणाला, "डोकं हाय तुला. वापरत न्हाईस."
भेळ खाल्ली. चप्पल तुटली.

१० नोव्हें.
आज सहज वर बघितलं. काहीच नाही.
खालचं उडवलं की वरचंही उडतं. हे आधी कुणी सांगितलंच नाही.
तासाभरानं क्लाउडची कचरापेटी सापडली, त्यात सगळी लग्नं. तीस दिवस राहतात, मग कायमची जातात. बाकी १८.
परत काढली तर कॉम्प्युटर तुंबणार, भाऊला कळणार. दुसरीकडून उघडायला गेलो तर कोड भाऊच्या मोबाईलवर येतो. भाऊ रविवारी गावाला जातो. तेव्हा करू.

१२ नोव्हें.
अकोल्याहून दोस्ताचा, संत्याचा फोन. भात कापायला माणूस नाही, ये. भाऊला सांगितलं आजी आजारी आहे. "कितवी आजी?" म्हणाला. रविवारपर्यंत येतोच. बाकी १६.

१७ नोव्हें.
रविवार कालच गेला. दोन दिवस भात झोडतोय, अंगभर खाज. संत्याची आई म्हणते, "आमच्या बैलाला बी तुज्यापरीस उरक हाय." पण जेवायला वाढते भरपूर. पाणी बघायला रोज भंडारदऱ्याला. बाकी ११. लई आहेत.

२३ नोव्हें.
टेकडीवर रेंज आली आणि भाऊचा फोन.
"गाढवा, कुठं तोंड काळं केलंस? ती मनीषा मेली. कौसाबाईची पोरगी. तोडीवर उसाच्या ट्रॉलीवरून घसरली, अंगावरून चाक गेलं. म्हातारी इथं बसलीय, व्हिडिओ मागतीय. कुठं ठेवलंयस?"
"वर आहे भाऊ. येऊन काढून देतो."
मनीषा म्हणजे ती उखाण्यावाली. मे महिन्यात. तीनदा सुरू केला, नवऱ्याचं नाव यायच्या आधी तीनदा हसली. कॅमेऱ्यामागून मी बोललो होतो, "नाव इसरली का नवरा?" मांडव हसला. ती रडकुंडीला आली, मग परत हसली. माझा आवाज पण आहे त्यात.
बाकी ५. उद्या पहिली गाडी.

२४ नोव्हें.
निघालो खरंच. नगरला गाडी बदलायला उतरलो तर दिप्या भेटला, तो पण लग्नं शूट करतो. जामखेडला परवा लग्न आहे, त्याचा ड्रोनवाला पळाला. "उडवणार का?" म्हणाला.
ड्रोन. माझ्या हातात.
बाकी ४. लग्न २६ ला. २७ ला सकाळी पाथर्डीत.

२६ नोव्हें.
मांडव वरून बिस्किटाएवढा दिसतो. माणसं म्हणजे मुंग्या. दिवसभर दुसरं काही डोक्यात आलं नाही, खरं लिहितो. मग खाली नवरीचा उखाणा, गृहप्रवेश, सगळं मीच शूट केलं. दिप्यानं पेनड्राईव्हवर मला कॉपी दिली, दाखवायला. म्हणाला, उद्या पूजा आहे, तेवढी कर आणि जा. बाकी २.

२८ नोव्हें.
पूजा लांबली, काल गाडी हुकली. आज दुपारी पोचलो. चप्पल न काढता मशीनवर बसलो.
पेटी रिकामी. 'इथे काहीही नाही', एवढंच. पाच-सहा वेळा उघडून बघितली. सकाळी होती का? कुणाला विचारणार.
भाऊला सांगितलं. मारलं नाही. हसला. म्हणाला, "बाकीची चाळीस येतील उन्हाळ्यात. तवा बघू. हिला तू सांगायचं. माझ्या दुकानात उभं राहून, तुझ्या तोंडानं."

२९ नोव्हें.
कौसाबाई आली. मोतीबिंदू झालाय म्हणून तोडीला गेली नव्हती, शेरडांमागं घरीच. घरात मनीषाचा एकही फोटो नाही. भाऊनं आधार कार्डावरचा मोठा करून फ्रेम करून दिलाय. त्यात ती कुणीतरी धरून आणल्यासारखी दिसते.
"तसं नगं लेकरा. हसतीया तसं दाव. उखाण्याचं."
तोंड उघडलं मी. आणि म्हणालो, "मावशी, वरून उतरतंय. वेळ लागतो." स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र लावून ठेवलं. चार तास बघत बसली. मधे उठून पाणी पण प्यायली नाही.
ती गेल्यावर भाऊ: "जामखेडची नवरी हाय ना तुझ्याकडं? मुंडावळ्या बांधल्यावर सगळ्या सारख्याच. म्हातारीला कुठं दिसतंय."

३० नोव्हें.
केलं.
सकाळी बसून जामखेडचा उखाणा कापला. नवऱ्याचं नाव यायच्या आधी तोडला. पुढं तिचंच हसणं जोडलं, तीनदा. काम चांगलं झालं, आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं.
कौसाबाई स्टुलावर. पदरानं स्क्रीन पुसली. बघितलं. "पुन्ना लाव." लावलं. स्क्रीनवर बोट ठेवलं, नवरीच्या गालावर. "पुन्ना." भाऊ काउंटरमागं मोबाईल बघत होता, आवाज बंद करून.
तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, "गोड हाय पोरगी. कुठली रं ही?"
मी व्हिडिओ थांबवला.
"हिची आई हाय का?"
"हाय."
"बरंय." उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "मग माजीचं उद्या दाव. जावयाला बी घिऊन येते. रडतोय त्यो, म्हणतो माजं नाव तिच्या तोंडून एकदा ऐकू द्या."
भाऊ म्हणाला, "या मावशी. उद्या नक्की." माझ्याकडं बघून म्हणाला.

१ डिसें.
स्टँडवर बसून लिहितोय. पिशवी घेतलीय. पेनड्राईव्ह खिशात. जामखेड गाडी लागली आहे, कंडक्टर चहाला गेलाय.
इथून स्टुडिओची पायरी दिसते. कौसाबाई नऊपासून बसलीय. शेजारी पांढऱ्या टोपीतलं पोरगं, पायाला प्लॅस्टर. जावई तोच असणार. शटर अजून बंद. किल्ली माझ्याकडंच आहे.
आता तिनं फडक्यातून भाकरी काढली. दोन तुकडे केले, एक त्याला दिला. मग आपल्यातला अर्धा मोडला, झाकून शटरपाशी ठेवला.
कंडक्टर आला.