आमच्या घराच्या वतीनं

बाबा,

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. "त्याला आता उठवत नाही. प्रभुभोजन घरीच हवंय म्हणतो. तुम्ही घेऊन जा." चर्चच्या मंडळीनं मला वडीलपण, म्हणजे पंचाचं काम, दिल्याला सहा वर्षं झाली. आजाऱ्याच्या घरी भाकर आणि द्राक्षरस पोचवणं आता माझ्याकडेच असतं. तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तुम्हालाही विचारावं लागलं नसतं. ज्याच्या ट्रेलरखाली आपला धाकटा गेला, तोच. मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो. भाकर देताना "प्रभूनं तुला क्षमा केली आहे" असं म्हणायचं असतं, आणि तेवढंच माझ्या तोंडून निघेल की नाही याची मला खात्री नव्हती.

धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा. तुम्ही मिठागरावर मुकादम, आणि तो सायकलवरून तुमचा डबा घेऊन निघालेला. बंदराचा रस्ता तेव्हा नवा होता. अवजड गाडी कशी वळते हे आपल्या लोकांना कळत नव्हतं, आणि सायकलवाला कुठून येईल हे गाडीवाल्यांना. त्यानं मागे कुणाला उभं न करताच ट्रेलर मागे घेतला. तो परका असता तर रागाला निदान मोकळं रान मिळालं असतं. पण तो आपल्याच मंडळीतला, आपल्या मागे तिसऱ्या बाकावर बसणारा.

दोन महिनेही झाले नव्हते. महिन्याचा पहिला रविवार. भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे थांबले, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर उठून मिटवा म्हणाले. एरवी त्या वेळी कोण उठायचं? नळावरून भांडलेल्या जावा, बांधावरून बोलणं टाकलेले भाऊ. हातात हात घ्यायचा, एखादी फिसकन हसायची, की झालं. त्या दिवशी तुम्ही उठलात. सगळी मंडळी वळून बघतेय आणि तुम्ही मागे चालत जाताय. तो बाकाची कड धरून उभा. त्याच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात, "आमच्या घराच्या वतीनं मी तुला क्षमा करतो." बायका रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! घराच्या वतीनं, बाबा. त्या घरात आई होती. तिला विचारलं होतंत?

मग भाकरीचं ताट फिरलं. आईपाशी आलं, तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तुकडा न उचलता शेजारणीकडे दिलं. मंडळीत असं लपत नाही. घरी आल्यावर ती मांदेली साफ करायला बसली आणि तुम्ही चपला न काढताच स्वयंपाकघरात गेलात.

"चारचौघांत माझं नाक कापलंस."

"तुमी माफ केलात ना? मंग झालं की. मला न्हाय जमत."

"ख्रिस्ती बाई हायस तू!"

"म्हणून तर हात लावला न्हाय. मनात तसलं ठेवून कशी खाऊ?" मासळीवरची नजर तिनं उचललीसुद्धा नाही.

त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही तिच्याशी कामापुरतं बोललात. ताट पुढ्यात यायचं, तुम्ही जेवायचात, उठायचात. तो माणूस ओटीवर आला की चहा आतून यायचा आणि तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला द्यायचात. दर पहिल्या रविवारी परतताना मात्र आईला विचारायचात, "आज घेतलीस?" तुम्ही तिथंच बसलेले असायचात, तुम्हाला दिसलेलं असायचं, तरी विचारायचात. पेण-अलिबागच्या उपदेशांत तुमची गोष्ट सांगत. त्या गोष्टीत आई कधी नसायची, आणि असलीच तर कठीण काळजाची म्हणून. ज्याच्या हातून लेक गेला त्याला तुम्ही एका वाक्यात मोकळं केलंत. जिच्या पोटचा गेला तिला तुम्ही डोळे मिटेपर्यंत बांधून ठेवलंत. तुमच्या मागे तीन वर्षांनी ती गेली, भाकर न घेताच.

गुरुवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. त्याची बायको दारातच होती. "या दादा. सकाळपासनं दाढी करून बसवलाय, नवरदेवावाणी." त्याचं अर्धं अंग गेलंय, पण जीभ शाबूत आहे. मी रुमाल सोडून ताटली काढली तसा म्हणाला, "थांब रं. आधी ऐक, मंग दे. तुज्या बाबानं मला माफ केलं ते सगल्या गावानं बघितलं. पण मला 'चुकलो' म्हणायला सवडच दिली न्हाय त्यानं. हात डोक्यावर, लोकं रडतायत, मी काय बोलणार? मला ती माफी पोचलीच न्हाय."

"मग?" मी म्हणालो.

"मंग बाजारात गेलो. तुजी आई वालाच्या शेंगा घेऊन बसायची ना, तिच्या पाटीम्होरं बसलो. म्हटलं, मावशी, मी मागं बघितलं न्हाय. चूक माझी हाय. तिनं सगलं ऐकून घेतलं. कसा होता, काय बोलला, डबा कुठं पडला, सगलं विचारलं. कुणी विचारलंच नव्हतं मला तोवर. मंग म्हणाली, 'तुज्यावरचा माझा राग जात न्हाय. रोज देवाकडं मागते, जाऊ दे म्हणून. अजून देत न्हाय.'"

त्याची बायको पदराला हात पुसत म्हणाली, "आणि तुमाला ठाव न्हाय दादा, आमची थोरली तापानं फणफणली होती तवा मावशी पेज घेऊन आली. ह्यांच्याकडं बघितलंसुदिक न्हाय. पोरीला भरवली, भांडं घासून घेऊन गेली. पोरगी उठेपर्यंत रोज."

"माफ केलं असं कंदी म्हणाली न्हाय ती," तो म्हणाला. "पण देव माणसाला टाकत न्हाय म्हणतात ना, ते मला त्या पेजेनं पटलं. आता दे भाकर."

मी दिली. वाक्यही म्हणालो, अडखळलो नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते त्या खोलीत कधी निघून गेलं, कळलंसुद्धा नाही. पण मीही बरोबर घ्यायची असते, आणि माझा तुकडा उचलताना तुम्ही डोळ्यांपुढे उभे राहिलात, चपलांसकट, आणि तोंडाजवळ गेलेला हात खाली आला. तुमची क्षमा खोटी होती असं मी म्हणत नाही, बाबा. त्या दिवशी त्याच्या डोक्यावरून हात काढायला तुम्हाला किती वेळ लागला, ते मला आजही दिसतं. पण प्रभू आपली किती वाट बघतो हे मुलांना शिकवणारे तुम्ही, एका बाईची वाट बघू शकला नाहीत. याबद्दल तुम्हाला माफ करायला मी बसलो होतो. चार पानं लिहून झाली, जमत नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाहीच. एक मात्र कबूल करतो. आईनं भाकर घेतली नाही त्या दुपारी तुम्ही चिडून बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात मागे राहिलो होतो, आणि आईला म्हणालो होतो, "आई, तुझी लाज वाटते मला." पुढे चौदा वर्षं मी तिच्या हातचं जेवलो, आणि ते शब्द कधी परत घेतले नाहीत. खरं तर आज पत्र तिलाच लिहायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून तुमचं नाव घातलं.